वल्हांडण की मंडपांचा सण?

बायबल अभ्यासगटाला यंदा एकच यहुदी सण घ्यायचाय: वल्हांडण (मिसरमधल्या गुलामीतून सुटकेची आठवण) की मंडपांचा सण (रानातल्या भटकंतीची आठवण), आणि मतं दुभंगली आहेत.

ख्रिस्ताशी थेट नातं वल्हांडणाचं. प्रेषित पौल ख्रिस्तालाच वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो (१ करिंथ ५:७). मंडपांच्या सणात दुवा शोधावा लागतो. पण त्या काळी या सणात मंदिरात पाणी ओतायचा विधी असे, हे कळलं की योहानाच्या शुभवर्तमानात (७:३७) येशूने तान्हेल्यांना दिलेली हाक वेगळीच ऐकू येते.

तयारी? बेखमीर भाकर सोपी, मंडप उभारणं खटाटोपाचं.

धोका मात्र वल्हांडणात. आजचा सेदर, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचं विधिवत जेवण, बराचसा इ.स. ७० मध्ये मंदिर पाडलं गेल्यानंतर घडला. तो चर्चमध्ये करून ‘येशूने हेच केलं’ म्हणू नये.

नवविश्वासी असतील, पवित्र आठवडा जवळ असेल तर वल्हांडण. योहानाचं शुभवर्तमान मुरवून वाचणाऱ्यांनी मंडपच घ्यावा.