फैजपूरचा भरीत स्टॉल: ताट कसं आहे आणि पैसा कुठे जातो

या स्टॉलला नाव नाही, त्यामुळे नाव विचारत बसू नका. फैजपूरहून बामणोदकडे निघालात की रस्त्याकडेला केळीच्या बागेला लागून एक मोकळं शेत लागतं. तिथे पत्र्याच्या पाटीवर रंगाने लिहिलंय, ‘मुलींच्या शिक्षणासाठी भरीत’. थंडी पडल्यापासून माघ लागेपर्यंत फक्त रविवारी, अकरा ते तीन. मी पहिल्यांदा गेले ती भाचीचा साखरपुडा आटोपून, पाहुण्यांना जेवायला घेऊन. तेव्हा पाटी वाचलीही नव्हती. आज माझी मुलगी याच भरिताच्या पैशांतून जळगावात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते. खाणारी म्हणूनही आणि घेणारी म्हणूनही.

आधी ताट. वांगी बामणोदची, फिकट हिरवी, एकेक वांगं हाताच्या पंजापेक्षा मोठं आणि आत बी जवळजवळ नाही. गॅसवर भाजत नाहीत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्यांचा जाळ करतात, त्यावर वांगी ओळीने मांडतात आणि एक जण फक्त उलटवायला बसते. काड्यांची आच जोरात लागते आणि लवकर बसते, त्यामुळे साल करपतं पण गर पांढराच राहतो. मग देठ हातात धरून साल काढायचं आणि गर लाकडी बडगीत टाकायचा. हिरवी मिरची आणि लसूण त्याच बडगीत ठेचतात. मुसळीचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. वरून शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी, अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. मिक्सर कुठेही नाही. भरिताचे धागे जिभेवर वेगळे लागतात आणि धुराचा वास शेवटच्या घासापर्यंत राहतो.

ताट १५० रुपयांना. भरीत हवं तितकं, चार पुऱ्या किंवा दोन कळण्याच्या भाकरी, कढी, मुळा, कांदा. माझं ऐका, भाकरीच घ्या. पुऱ्या एक वाजेनंतर थंड मिळतात. मी दोनदा सांगितलंय, अजून सुधारणा नाही. तिखट खरोखर तिखट आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगा, बिनमिरचीचं बाजूला काढून देतात. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी भुसावळ-जळगावची इतकी गर्दी होते की आम्ही तासभर उभे होतो. वयस्कर माणसांना बसायला चारच खुर्च्या आहेत. हे मला पटलेलं नाही आणि मी त्यांना तोंडावर बोलले आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

हात धुवायच्या टाकीजवळ एक फळा टांगलेला असतो. त्यावर खडूने मागच्या रविवारचा हिशेब लिहितात. मी उतरवून आणलेला एक सांगते: ताटं २१०, जमा ३१,५००, खर्च १७,२००, शिल्लक १४,३००. खाली किती मुली, कितवीतल्या, एवढंच. मुलींची नावं नाहीत, फोटो नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. मदत घेताना पोरीला मंचावर उभं करून चेक हातात देतानाचा फोटो काढतात, तसा प्रसंग माझ्या मुलीवर आला नाही.

आम्हाला वर्षाला १८,००० मिळतात, दोन हप्त्यांत. लोक मला विचारतात, मुलींची फी तर सरकारने माफ केली, मग हे पैसे कशाला? माफ केली हे खरंच आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. माझी मुलगी त्याच वर्षी बारावी झाली, त्यामुळे आमचं नशीब थोर. पण शुल्क माफ झालं म्हणजे मेसचा डबा माफ झाला नाही. हॉस्टेलची अनामत, ड्रॉइंगचं साहित्य, कॅल्क्युलेटर, पुस्तकं, नेटचा रिचार्ज, सगळं उभंच राहतं. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता, आता अर्धं तिकीट. माझे मालक केळीच्या गाडीवर लोडिंगला जातात, मी ब्लाउज शिवते. लग्नसराई सोडली तर माझ्या मशीनला महिनामहिना काम नसतं. त्या दिवसांत मेसचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न फी माफ झाल्यावरही तसाच होता.

पण १८,००० साठीच कोणी मुलीला इथे पाठवणार असेल तर त्याने दुसरी अर्धी बाजूही पाहावी. प्रत्येक मुलीला एक ताई देतात. नववीपासून. आमच्या वाट्याला आलेली ताई वीज कंपनीत इंजिनिअर आहे, वय असेल तिशीच्या आसपास. मला काकू म्हणते. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं तर म्हणाली, “काकू, मॅडम ऑफिसात आहे. तुमच्या घरी मी पोरीची ताई.” दर रविवारी रात्री तिचा फोन येतो. अभ्यास किती झाला, हा प्रश्न ती शेवटी विचारते.

ॲडमिशनच्या वेळी तिने काय केलं ते सांगते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर (मागासवर्गातल्या सधन गटात नसल्याचा दाखला) यांची तयारी तिने बारावीच्या दिवाळीतच सुरू करायला लावली, कारण निकालानंतर सेवा केंद्रात रांग लागते. मग बँक खात्याचा घोळ निघाला. मी म्हणत होते, खातं आधारला जोडलेलं आहे, बँकेने सांगितलंय. ताई म्हणाली, जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात येणं वेगळं. एका आधारवर एका वेळी एकाच बँकेचं खातं डीबीटीसाठी, म्हणजे थेट येणाऱ्या सरकारी पैशांसाठी, धरलं जातं. तपासलं तर माझ्या मुलीचं आधार पाचवीत शाळेने काढायला लावलेल्या खात्यावर होतं. त्या खात्याचं पासबुकही आमच्याकडे नव्हतं. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरला असता, मंजूर झाला असता आणि पैसे त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडले असते. बँकेत सीडिंगचा, म्हणजे आधार खात्याला जोडण्याचा, अर्ज देऊन ते बदलून घ्यायला आठ दिवस लागले. ज्यांच्या घरात मुलगी बारावीला आहे त्यांनी हे आजच तपासा.

तिनेच सांगितलं की एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठी आहे, वर्षाला ५०,०००, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, आणि तिचा अर्ज महाडीबीटीवर नाही तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा असतो. एक योजना घेतली की दुसरी चालते की नाही, हे आधी नियमात वाचायचं, नंतर कॉलेजात भांडायचं नाही, हेही तिचंच.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, सरकारचे आले की परत देऊ. माझ्या पिशवीत नऊ हजार होते. मी तिथेच कट्ट्यावर बसले. ताईला फोन लावला तर मला वाटलं ती साहेबांशी बोलेल. ती म्हणाली, “काकू, फोन पोरीकडे द्या.” फाइलमध्ये शासन निर्णयाची प्रत तिने आधीच ठेवायला लावली होती. कुठलं कलम दाखवायचं, काय म्हणायचं, कसल्या आवाजात म्हणायचं, हे तिने पोरीकडून फोनवर दोनदा म्हणवून घेतलं. मग माझी मुलगी, जी घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जायची, ती त्या खिडकीशी जाऊन बोलली. कागद पुढे सरकवला. अर्धा तास लागला. फक्त अनामत भरून प्रवेश झाला. मी कट्ट्यावरून तिची वेणी तेवढी पाहत होते.

आणि पहिल्या सेमिस्टरला तिचा गणिताचा पेपर गेला. तिने दोन दिवस फोन उचलला नाही. तिकडे माझ्या सासूबाईंचं सुरू झालं, “मी म्हनत होती, पोरीले हॉस्टेलात नका ठेवू. आता काय करशीन?” ताईने समजावणारं एक वाक्य पाठवलं नाही. स्वतःच्या पहिल्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेचा फोटो पाठवला. दोन विषयांपुढे नापास. कागद मधून घडी पडून फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. खाली लिहिलं होतं, रविवारी नऊ वाजता गणित घेऊन बस. तो फोटो माझ्या मुलीने मोबाइलमध्ये ठेवलाय. नंतरच्या परीक्षेत विषय निघाला.

हे सगळं सुचलं कुठून, हे मी स्टॉल सुरू करणाऱ्या मोठ्या ताईंना एकदा वांगी सोलताना विचारलं. त्या सहा वर्षं अमेरिकेत होत्या, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला, मालकांच्या नोकरीमुळे. त्या शहरात निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो, बहुतेकांचं मूळ मेक्सिकोचं, कित्येक घरांत बोलणं स्पॅनिश. शनिवारी वाचनालयात त्या अशा मुलींना फाफ्साचा अर्ज भरायला मदत करायच्या. तिकडच्या केंद्र सरकारकडून शिक्षणाला मदत हवी तर तो अर्ज लागतो आणि त्यात आईबापाच्या उत्पन्नाचा तपशील द्यावा लागतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी मुलगी, आईला इंग्रजी येत नाही, आणि मुलगी त्या अर्जापाशी अडकलेली. “अगदी आपल्या दाखल्यांसारखंच,” त्या म्हणाल्या. अमेरिकेत माना म्हणून लॅटिना बायकांची संघटना आहे, १९७४ सालची, मेक्सिकन-अमेरिकन बायकांनी उभी केलेली. ती शाळकरी मुलींना मोठ्या बायकांची सोबत देते आणि त्या उपक्रमाला ‘एर्मानितास’ म्हणतात, म्हणजे धाकट्या बहिणी. हिस्पॅनिक स्कॉलरशिप फंड १९७५ पासून शिष्यवृत्त्या देतोय. पण मोठ्या ताईंच्या मनात राहिले ते डिसेंबरातले तामाले. मक्याचं पीठ, आत मसालेदार सारण, मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळून वाफवलेलं. नात्यागोत्यातल्या बायका एका स्वयंपाकघरात बसून ढिगाने करतात आणि शाळेसाठी, चर्चसाठी, कुणाच्या शिक्षणासाठी डझनाने विकतात. एकटीने होणारं काम नाही ते. त्या म्हणाल्या, “आपल्याकडे तसं काय आहे? भरीत.” परत आल्यावर पहिल्या वर्षी चार जणींनी चाळीस किलो वांगी भाजली.

तक्रारी आहेत. मोठी तक्रार पैशांच्या वेळेची. स्टॉल हिवाळ्यात, आणि खर्च जुलै-ऑगस्टमध्ये. पहिल्या वर्षी आमचा पहिला हप्ता सप्टेंबर उजाडल्यावर आला. तोपर्यंत मी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवल्या होत्या. मी हे सभेत उभं राहून सांगितलं. यंदा त्यांनी हिवाळ्यातली एक रक्कम जूनसाठी बाजूला बांधून ठेवली आणि पैसे वेळेवर आले. दुसरी तक्रार अशी, की माझ्या बहिणीच्या मुलीला मिळालेल्या ताईची बदली झाली, आणि नवी ताई मिळेपर्यंत तीन महिने कोणीच नव्हतं. दहावीच्या वर्षात. पैसे तीन महिने थांबले तर माणूस कुठून तरी उभे करतो. ताई थांबली की पोरगी गप्प होते आणि घरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ताया कमी आणि मुली जास्त, हे मला कळतं, तरी एका मुलीमागे दुसरी ताई राखीव हवीच.

कोणाला उपयोग होईल? घरात सांगणारं कोणी नाही, शेजारी इंजिनिअर-नर्स नाही, मुलीला शिकायचंय पण कागद कळत नाहीत, अशांना. अट दोनच. मुलीने रविवारचा फोन चुकवायचा नाही आणि आईने वर्षातून चार रविवार स्टॉलवर यायचं. बापाने आलं तरी चालतं. माझे मालक येतात, काड्यांचा जाळ त्यांच्याकडे असतो. अर्ज स्टॉलवरच मिळतो, एक पान, मराठीत. गुणांची टक्केवारी त्यात सगळ्यात खाली विचारली आहे.

या हिवाळ्यापासून माझ्या मुलीकडे यावलची नववीतली एक मुलगी दिली आहे. मागच्या रविवारी ती स्टॉलवर आली होती, आईच्या मागे लपून. माझ्या मुलीने तिला वांगं सोलायला शिकवलं: देठ सोडायचं नाही, बोटं थंड पाण्यात बुडवत राहायचं. दोघींची बोटं संध्याकाळपर्यंत काळी होती.

पार्सल हवं असेल तर डबा घरून न्या, पिशवीत देत नाहीत. आणि साडेबाराच्या आत पोहोचा.