हंडीत गॅस किती उरला : दाबाचा काटा की वजनकाटा?

ज्यांच्या घरी दोन हंड्या, म्हणजे गॅसचे सिलिंडर, आहेत, त्यांना हा प्रश्न फारसा पडत नसावा. आमच्याकडे जळगावला एकच हंडी, म्हणून दोन्ही उपाय करून पाहिले.

आधी रेग्युलेटरखाली बसवायचा दाबाचा काटा आणला. त्याचा एक गुण आजही मान्य आहे. हंडीकडचा खटका बंद केल्यावर काटा हळूहळू उतरू लागला, की नळीत कुठेतरी गळती आहे हे समजतं. गॅस किती उरला हे मात्र त्यातून कळत नाही. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस असला तरी वरच्या वाफेचा दाब टिकून राहतो आणि तो ठरतो हवेच्या उष्णतेवर. वैशाखात पारा ४४ वर गेला की संपत आलेल्या हंडीचाही काटा हिरव्यात, आणि पौषातल्या पहाटे भरलेली हंडीही मलूल वाटायची.

श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे खान्देशातल्या या देवीच्या नैवेद्याचा सण, होता. भाऊबंद जमलेले, पुरण शिजत आलेलं. काटा हिरव्यातच होता आणि ज्योत बसली. शेजारच्या वहिनींनी लगेच त्यांची हंडी दिली, पण देवीचा स्वयंपाक मध्येच थांबला हे आईच्या मनाला फार लागलं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

हंडीवर ओलं फडकं फिरवायचं आणि जिथवर ओल उशिरा सुकते तिथवर गॅस आहे असं समजायचं, ही जुनी युक्ती इतरत्र चालत असेल. खान्देशच्या उन्हाळ्यात ओल बघेपर्यंत सगळी हंडी सुकते.

आता हंडी डायलच्या वजनकाट्यावरच उभी असते. कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या हंडीचं वजन कोरलेलं असतं. आमच्या सध्याच्या हंडीचं १५.९ किलो आहे. दिसेल त्यातून ते वजा करायचं. नवी हंडी आली की १४.२ किलो गॅस भरलाय का, तेही तिथेच कळतं. डिजिटल काटा घेऊ नये असं वाटतं. आमचा वजनासकट चालू केला की शून्यापासून मोजायचा. डायलची स्प्रिंग सततच्या भाराने थोडी बसते, म्हणून महिन्यातून एकदा हंडी उतरवून शून्य जुळवावं लागतं. वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर हा त्रास मोठाच.

परदेशात घराजवळ जमिनीत पुरलेल्या प्रोपेनच्या टाक्या उचलून तोलता येत नाहीत. तिथेही आत तरंगणारा फ्लोट पातळी टक्क्यांत दाखवतो, दाबावर कोणी विसंबत नाही.

तीन किलो उरले की मी नंबर लावतो. रोटांच्या आदल्या दिवशी मात्र काटा आई स्वतः वाचते.