सिरॉसिसच्या रुग्णासाठी सिसॲट्राक्युरियम: एका भूलतज्ज्ञाचा अभिप्राय

पोटात पाणी साठलेला सिरॉसिसचा (यकृत कडक होऊन थकत जाण्याचा आजार) रुग्ण बेंबीच्या हर्नियासाठी लिस्टवर लागला की मी फार्मसीला आदल्या दिवशीच सांगून ठेवते: सिसॲट्राक्युरियम काढून ठेवा. भुलेत स्नायू सैल करणारं हे औषध महाग आहे, ठाऊक आहे. तरी हवंच.

त्याच कामाचं व्हेक्युरोनियम स्वस्त, सगळीकडे मिळणारं, आणि धडधाकट माणसात त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावतं. रोक्युरोनियमही बहुतांशी पित्तावाटेच जातं. यकृत थकलेलं असलं की दोन्ही रेंगाळतात. त्यातून पोटातल्या पाण्यामुळे औषध जास्त जागेत पसरतं, पहिला डोस कमी पडल्यासारखा वाटतो आणि हात सैल सुटतो. मग टाके पडतात, ड्रेसिंग होतं, सर्जन बाहेर जाऊन नातेवाइकांशी बोलून येतात, तरी रुग्णाच्या श्वासात जोर नाही. ती वेळ कुणावर येऊ नये.

सिसॲट्राक्युरियमला यकृताची गरज लागत नाही. शरीराच्या उष्णतेवर आणि रक्ताच्या नेहमीच्या पीएचवर ते आपणहून तुटतं. याला हॉफमन एलिमिनेशन म्हणतात. ॲट्राक्युरियमही तसंच तुटतं, पण ते १० समघटकांचं (तेच अणू, मांडणी वेगळी) मिश्रण आहे आणि त्याने हिस्टामिन सुटून बीपी पडू शकतं. सिरॉसिसवाल्याचं बीपी आधीच खाली असतं. त्या दहांतला एकच समघटक वेगळा काढून केलेलं हे औषध. अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. हिस्टामिनचा त्रास जवळपास नाही. सिरॉसिसमध्येही असर साधारण नेहमीइतकाच वेळ टिकतो, आणि मला याचंच सगळ्यात मोल वाटतं.

आता उणिवा. असर सावकाश चढतो. किलोमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम दिलं तरी श्वासनलिकेत नळी घालायला दीड-दोन मिनिटं थांबावं लागतं. हर्निया अडकलेला असेल, पोट भरलेलं असेल, तर नळी झटपट घालावी लागते, तेव्हा मी याच्या भरवशावर राहत नाही. तिथे रोक्युरोनियमचा मोठा डोस किंवा झटपट चढणारं स्कोलीन. (स्कोलीन तोडणारं एन्झाइमही यकृतातच बनतं, त्यामुळे आजार फार वाढलेला असेल तर तेही थोडं लांबतं.) असर उतरवणारं सुगामाडेक्स रोक्युरोनियमवर चालतं, सिसॲट्राक्युरियमवर चालत नाही, इथे उतारा निओस्टिग्मीनच. आणि साठवण: २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रिजबाहेर काढलं की २१ दिवसांत वापरायचं. जिथे वीज वारंवार जाते तिथे अँप्यूलच्या खोक्यावर बाहेर काढल्याची तारीख लिहाच.

रुग्ण गार पडला तर हे औषधही हळू तुटतं, म्हणून वॉर्मर सुरुवातीपासून चालू हवा. नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला विजेचे हलके झटके देऊन स्नायूंची ताकद तपासणारं यंत्र) तर हवाच. ट्रेन ऑफ फोरचं (लागोपाठ चार झटक्यांतल्या चौथ्या आणि पहिल्या प्रतिसादाचं) गुणोत्तर ०.९ दिसल्याशिवाय मी नळी काढत नाही, समोर कुठलंही औषध असो. सिसॲट्राक्युरियम आणि नर्व्ह स्टिम्युलेटर, दोन्हींपैकी एकाच गोष्टीला बजेट असेल, तर आधी ते यंत्र घ्या.