सिंगापूरमार्गे महापे: लोकल फायबर आणि स्टॅटिक आयपीचा अकरा महिन्यांचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं दुकान आहे. सीसीटीव्ही बसवणं, डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) दुरुस्ती आणि आसपासच्या चार-पाच सीएंच्या ऑफिसांतली कॉम्प्युटरची कामं. गेल्या गणपतीच्या आधी जुनी लाइन सोडून एका लोकल कंपनीचं फायबर घेतलं. २०० एमबीपीएस, महिना ७०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातलं निम्मं तरी तुमच्या गल्लीतल्या कंपनीलाही लागू पडेल.

स्पीडचं आधी उरकून टाकतो. २०० सांगितले, २०० येतात. पण कनेक्शन जोडायला आलेल्या पोराने मोबाइलवर जी स्पीडटेस्ट दाखवली, तिचा सर्व्हर कंपनीच्याच नेटवर्कमध्ये होता. म्हणजे ठाण्यातल्या ठाण्यात मोजलेला वेग. स्वतःच्या ओट्यावर बॅटिंग करून शतक ठोकण्यासारखं आहे ते.

पहिली खोट दुसऱ्याच दिवशी कळली. दुकानातला डीव्हीआर आणि टॅलीचं मशीन मला घरून बघायचं होतं. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून आलेली मागणी आतल्या ठरावीक मशीनकडे वळवणं), दहा वेळा तपासलं, बाहेरून काही उघडेना. शेवटी राउटरचं वॅनचं, म्हणजे बाहेरच्या जोडणीचं, पान उघडलं. तिथे इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दिसला १००.८१ ने सुरू होणारा, आणि ‘माझा आयपी काय’ असं विचारल्यावर वेबसाइट सांगत होती भलताच. तुम्हीही हे एकदा करून बघा. वॅनच्या पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला असेल, तर तुम्हाला स्वतःचा पत्ता मिळालेलाच नाही. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. एका खऱ्या पत्त्यामागे कंपनी शेकडो ग्राहक बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. आतून बाहेर गेलेल्या मागणीची नोंद राहते म्हणून उत्तर परत येतं. बाहेरून आपणहून कुणी आलं, तर ते कुणाच्या घरी पाठवायचं हे त्या मशीनला ठाऊक नसतं. सिनेमे बघणाऱ्याचं काही अडत नाही, माझा मात्र धंदाच त्यावर. शिवाय पत्ता शंभर जणांत वाटलेला, त्यामुळे दर दुसरी वेबसाइट ‘तुम्ही माणूस आहात का’ म्हणून सिग्नलचे खांब ओळखायला लावायची.

यात कंपनीचा दोष थोडाच. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकची रजिस्ट्री, म्हणजे एपनिक, शेवटच्या गठ्ठ्यावर आली. तो गठ्ठा १०३ ने सुरू होणारा. म्हणून ठाण्या-कल्याणकडच्या कुठल्याही छोट्या कंपनीचा पत्ता बघा, बहुतेक वेळा १०३ च दिसेल. भारतात हे वाटप निक्सीच्या (देशातली इंटरनेट एक्स्चेंज चालवणारी संस्था) अखत्यारीतली आयआरआयएनएन करते. २०१९ पासून त्या गठ्ठ्यातून एका सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. ग्राहक हजारांत आणि पत्ते ५१२, मग बिचारे दुसरं काय करणार? बाजारातून विकत घ्यायचे तर भाव परवडत नाही.

मी स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त माझा, न बदलणारा पत्ता मागितला. वर्षाला २५०० अधिक जीएसटी. चार दिवसांत मिळाला, डीव्हीआर उघडला, टॅली उघडली. इथपर्यंत आनंद. मग लक्षात आलं की अर्ध्या वेबसाइटांच्या मते माझं दुकान पाटण्यात आहे. बाहेर नौपाड्यात घाम गळतोय आणि स्क्रीनवर पाटण्याचं धुकं. पत्ता कुठल्या गावचा याची अधिकृत वही कुठेच नसते. वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या अंदाजाने याद्या ठेवतात, आणि पत्ता एकाकडून दुसऱ्याकडे गेला तरी याद्या जुन्याच राहतात. तक्रार केल्यावर दोन महिन्यांनी मी ठाण्यात परतलो. एका साइटवर अजून पाटण्यातच आहे. आता सोडून दिलंय.

आता महाप्याचं प्रकरण. माझ्या ग्राहक असलेल्या एका सीए मॅडमचा सर्व्हर महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला आहे. दुकानातून स्कूटर काढली की कळव्याच्या पुलावरून ठाणे-बेलापूर रोडला लागायचं, अर्ध्या तासात महापे. पण त्या सर्व्हरवर टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला घुटमळायचं. मॅडम म्हणाल्या, “अहो, तुमचं नवीन फायबर जुन्यापेक्षा स्लो आहे.” मला ते लागलं. ट्रेसरूट मारला, म्हणजे डेटाचं पॅकेट कुठल्या राउटरांवरून जातं आणि प्रत्येकापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते ओळीने बघितलं. पहिली ओळ राउटर, १ मिलिसेकंद. दुसरी कंपनीचा गेटवे, २. तिसरी, चौथी, ३. पाचव्या ओळीवर एकदम ६४, आणि त्या राउटरच्या नावात एसआयएन ही तीन अक्षरं. नेटवर्कवाले राउटरला बहुधा शहराच्या विमानतळाचा कोड लावतात. एसआयएन म्हणजे सिंगापूर. त्यापुढच्या दोन ओळींत चांदण्या (काही राउटर उत्तरच देत नाहीत, त्यांना घाबरू नका) आणि मग महापे, १२८ मिलिसेकंदांच्या आसपास. खाडीपलीकडे जायचं तर आमचं पॅकेट समुद्राखालच्या केबलने सिंगापूरला जाऊन, तिथून परत मुंबईला उतरून महाप्याला जात होतं!

आता हे कुणी मुद्दाम करत नाही. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेते, डेटा सेंटरवाला दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून. त्या दोन मोठ्यांचं मुंबईत एकमेकांशी जोडणं नाही. त्यांची वाट एकत्र येते ती सिंगापुरात. राउटरला अंतर कळत नाही, त्याला वाटेत किती नेटवर्कं लागतात आणि मालकाने कुठल्या वाटेला पसंती दिली आहे एवढंच कळतं. आणि ती पसंती ठरते दराने. देशातला माल देशातच राहावा म्हणून तर २००३ मध्ये निक्सी उभी राहिली, आणि आज मुंबईत एकापेक्षा जास्त एक्स्चेंज आहेत जिथे कंपन्या थेट एकमेकींना जोडून घेतात. आमची कंपनी त्यातल्या एकातही नव्हती.

हे कंपनीला समजावणं हाच खरा वैताग. कस्टमर केअरची मुलगी दर वेळी, “सर, स्पीडटेस्ट केली का?” लाइनमन येऊन गेला. “काका, फुल्ल येतोय की, २०३!” असं म्हणून तक्रार बंद. तीन तक्रारी अशाच बंद झाल्या. चौथ्यांदा मी ट्रेसरूटचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. एकाच बाजूचा पाठवू नका, त्यात फक्त जाण्याची वाट दिसते आणि येण्याची वाट वेगळी असू शकते. ते फोटो कसेतरी त्यांच्या नॉकपर्यंत (नेटवर्कवर लक्ष ठेवणारा विभाग) पोचले आणि तिथल्या एका पोराने स्वतः फोन केला. शहाणा मुलगा. म्हणाला, “सर, बरोबर आहे तुमचं, एक्स्चेंजचं पोर्ट मंजूर झालंय, लागायला वेळ लागेल.” सात आठवडे लागले. एका सोमवारी सकाळी बघितलं तर ३ मिलिसेकंद. मॅडमना काही न सांगता गेलो. त्याच म्हणाल्या, “आज काय केलंत?”

फेब्रुवारीत मात्र कंपनीने घोळ घातला. सकाळी अकराला अर्ध्या साइट उघडेनात. बँकेची नाही, जीएसटीचं पोर्टल चालू, एक मेल चालू, दुसरा बंद. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे याच कंपनीचा साधा प्लॅन, त्याचं सगळं सुरळीत. म्हणजे वर्षाला २९५० जास्त भरणाराच अंधारात! डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून बघितलं, राउटर बंद-चालू केला, काही नाही. संध्याकाळी नॉकच्या त्याच पोराने खरं कारण सांगितलं. त्यांनी दुसरी बँडविड्थ कंपनी घेतली होती. ‘हे पत्ते आमच्याकडे आहेत’ असं कंपनी बाकीच्या नेटवर्कांना सांगते, ती घोषणा. आधी ते ५१२ पत्त्यांची एकच घोषणा करायचे, त्या दिवशी ती बंद करून २५६-२५६ च्या दोन घोषणा सुरू केल्या, एकेक एकेकीकडून. पण हे पत्ते कोण जाहीर करू शकतो आणि किती लहान तुकड्यात, याची रजिस्ट्रीत सही केलेली नोंद असते, तिला आरओए म्हणतात. त्या नोंदीत ५१२ पेक्षा लहान तुकड्याला परवानगी नव्हती. मग जी नेटवर्कं ही नोंद तपासतात त्यांच्या दृष्टीने आमची घोषणा बनावट. त्यांनी ती फेकून दिली. आमची मागणी तिथे पोचायची, उत्तराला परतीची वाट नाही. जी तपासत नाहीत ती चालू. सीजीनॅटचे पत्ते वेगळ्या गठ्ठ्यातले, म्हणून झेरॉक्सवाला मजेत.

तपासणाऱ्यांना दोष देता येत नाही. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला यूट्यूबच्याच पत्त्यांतल्या २५६ ची घोषणा केली आणि ती बाहेर गळली. राउटर नेहमी लहान, नेमक्या तुकड्याला मान देतात. जगभरची मागणी पाकिस्तानकडे वळली, दोनेक तास यूट्यूब बंद. असं होऊ नये म्हणूनच तर ही नोंद. आमच्या लोकांनी ती आदल्या दिवशी दुरुस्त केली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. रात्री नऊच्या सुमारास सगळं परत आलं. भरपाई विचारली तर म्हणाले, इंटरनेट बंद नव्हतं ना सर.

बाकी किरकोळ. जूनमध्ये पहिल्याच पावसात ओएनटीवर (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा) लाल दिवा, तीन हात नाक्याकडच्या खोदकामात केबल गेलेली. लाइनमनने सहा तासांत जोडली, पण घाईत. मीटरवर फायबरमधल्या प्रकाशाची ताकद उणे २७ दाखवत होतं, जेमतेम चालण्याची हद्द. मी हट्टाने पुन्हा जोडायला लावलं, उणे २१ झालं. लाइनमन गेल्यावर दिवा हिरवा आहे एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा विचारा.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मागितल्यावर दिलं, पण लाइन जाऊन आली की पत्ता बदलतो, आणि माझे जुने डीव्हीआर ते ओळखतही नाहीत. गंमत म्हणजे खिशातल्या मोबाइलला ते कधीपासून मिळतंय.

परवा रिन्यूअलचा मेसेज आला. वर्षाचं भरलं तर दोन महिने फुकट म्हणत होते. नॉकचा तो पोरगा नोकरी सोडून ऐरोलीला गेल्याचं कळलं, म्हणून सहा महिन्यांचंच भरलं. भरण्याआधी महाप्याचा ट्रेस मारला. अजून ३ च आहे.