आंब्याचं पीक कर्ज: राष्ट्रीयीकृत बँक की गावची सोसायटी?

मुंबईची नोकरी सोडून वाडवडिलांची बाग हातात घेणारे आमच्या देवगड भागात आता दरवर्षी भेटतात. मृग जवळ आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पीक कर्ज बँकेतून काढू की सोसायटीतून? मी तीन हंगाम राष्ट्रीयीकृत बँकेतून काढलं आणि त्यानंतर गावच्या विकास सोसायटीतून, म्हणजे सभासद शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेतून, काढतोय. दोन्हींचं पाणी चाखलं असल्यामुळे जे दिसलं ते लिहितो. तुमच्या गावात थोडं वेगळं असू शकेल.

व्याजावरून ठरवायला जाऊ नका. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला सात टक्के, वेळेत फेडलं की तीन टक्के केंद्राची सवलत, आणि त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. हे गणित दोन्हीकडे सारखंच. हेक्टरी किती कर्ज द्यायचं तेही दरवर्षी जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते, म्हणजे हापूसच्या हेक्टरला बँक जास्त देईल या आशेत अर्थ नाही. दोन्हीकडून एकदम काढता येत नाही, एकाला दुसऱ्याचा ना देय दाखला लागतो. त्यामुळे निवड करावीच लागते, आणि ती मला व्याजापेक्षा कागदांनी करायला लावली.

बँकेचे पहिले तीन हंगाम सुखाचे गेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेव्हा विनातारण कर्जाची मर्यादा एक लाख साठ हजार होती (१ जानेवारी २०२५ पासून ती दोन लाख झाली) आणि मी तिच्या आतच होतो. सातबारा, आठ-अ, आधार, फोटो, चार-पाच सह्या, की कर्ज खात्यावर जमा. पण बाग वाढली. मोहोरासाठी झाडाला घालायच्या कल्टार या औषधाचे पैसे पावसात, खताचे त्याच्या मागोमाग, मोहोर आला की फवारणीवर फवारणी, शिवाय राखणीला ठेवलेल्या गुरख्यांचा पगार. मी दोन लाख ऐंशी हजार मागितले आणि तारणाचा विषय निघाला.

आमचा सातबारा सामाईक आहे. कोकणात कोणाचा नाही? पणजोबांपासूनची नावं त्यावर चढत गेली आणि वाटण्या झाल्या त्या तोंडी. हा गडगा तुझा, त्या आंब्यापासून खाली माझं. बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याने पेनाचं टोक एकेका नावावर ठेवत मोजायला सुरुवात केली. पहिल्या पानावर अठरा, दुसऱ्यावर पाच. तेवीस. मुलगा भला होता, परप्रांतातून नुकताच बदलून आलेला. त्याने पुन्हा एकदा मोजलं आणि पॅनेलवरच्या वकिलांकडे पाठवलं. वकिलांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं: सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल) हवा, आणि तारण द्यायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांचं नोटरी केलेलं संमतिपत्र हवं.

तेवीसपैकी चौघं वारलेले, त्यातल्या दोघांची वारस नोंदच झालेली नाही. एक आत्या डोंबिवलीला, ती घराबाहेर पडत नाही. एक चुलतभाऊ बडोद्याला. तो फोनवर ‘करतो रे’ म्हणाला आणि नंतर त्याचा फोन लागेना. त्याची चूक म्हणत नाही, परगावी बसून कोऱ्या स्टँपवर सही कोण देईल? मी दोन वेळा रातराणीने मुंबईला जाऊन आलो. गणपतीला सगळे गावी आले तेव्हा आरती झाल्यावर ओटीवर कागद मांडले. त्यावरून दोन काकांमध्ये तीस वर्षांपूर्वीचा काजूच्या झाडाचा वाद वर आला, आणि मी कागद गुंडाळून ठेवले. तोवर अकरा सह्या झाल्या होत्या. कल्टार घालायचा हंगाम सरला होता आणि शाखेतल्या त्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. नव्या माणसाने फाईल उघडून पहिल्यापासून मोजायला घेतलं.

त्या वर्षी मी उसनेपासने करून भागवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात बँकेचं कर्ज फेडून सोसायटीत गेलो. गटसचिवांनी, म्हणजे सोसायटीचं कामकाज बघणाऱ्या सचिवांनी, सातबारा पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘तुमच्या आज्याचो वाटो वयल्या अंगाक, माका म्हायत आसा. भावकीत कोणाची हरकत आसा काय?’ मग कपाटातून जुनं कर्ज रजिस्टर काढलं. त्यात आजोबांचं नाव होतं, वडिलांचं होतं. त्याच वाट्यावर आमच्या दोन पिढ्यांनी कर्ज घेऊन फेडलं होतं. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासद कर्जासाठी जमिनीवर बोजा ठेवल्याचं घोषणापत्र करून देतो, ज्याला सगळे इकरार म्हणतात, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. माझ्या हिश्श्यापुरता इकरार झाला. गावात वहिवाट असलेल्या चौघा भावांच्या सह्या लागल्या आणि त्या एका संध्याकाळी चार घरं फिरून झाल्या.

सोसायटीत सगळं गोड आहे असं नाही. कर्जाच्या रकमेतून सोसायटीच्या भागांचे (शेअर्सचे) पैसे कापून घेतात, त्यामुळे हातात मागितल्यापेक्षा कमी येतं. ते धरूनच मागणी करा. बरेच सभासद थकले की सोसायटीचीच थकबाकी वाढते आणि वेळेत भरणाऱ्यालाही त्याची झळ लागते. पंचकमिटीच्या निवडणुकीच्या वर्षी कामं रेंगाळतात. कर्ज जिल्हा बँकेतल्या खात्यावर येतं, तिथे पावसात ‘लिंक नाही’ हा शब्द ऐकायची तयारी ठेवा. मोबाईलवरच्या व्यवहारात राष्ट्रीयीकृत बँक पुढे आहे, याबद्दल दुमत नाही.

ठेवीचं मात्र वेगळं. राष्ट्रीयीकृत असो की जिल्हा बँक, पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. सोसायटीतल्या ठेवीला ते नाही, पतसंस्थेतल्याही नाही. मी कर्ज सोसायटीचं घेतो आणि शिल्लक बँकेत ठेवतो. गटसचिवांनाही हे माहीत आहे आणि त्यांना त्यात वावगं वाटत नाही.

ज्याचा सातबारा स्वतंत्र आहे, किंवा ज्याला पॅकहाउस, कॅनिंग असं मोठं काही उभारायचंय, त्याने सरळ बँकेत जावं. तेवढी रक्कम सोसायटीच्या आवाक्यातली नाही. दोन लाखांच्या आत भागत असेल तरी बँक सोयीची, तक्रार असली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. वाशीच्या फळबाजारातल्या दलालाची उचल हा तिसरा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. पैसे एका फोनवर येतात, पण मग पेटी त्याच्याच गाळ्यावर उतरते आणि पट्टीत (विक्रीच्या हिशोबात) आलेला भाव मुकाट मान्य करावा लागतो. मला तो नको वाटतो.

सोसायटीने मला आणखी एक गोष्ट दिली, जिचा कर्जाच्या अर्जात उल्लेखही नसतो. हवामान आधारित फळपीक विमा २०२० पासून कर्जदारालाही ऐच्छिक आहे, घ्यायचा की नाही ते आपण वेळेत कळवायचं असतं. बँकेत असताना एका वर्षी माझ्या ते ध्यानात राहिलं नाही आणि शाखेतून कोणी विचारलंही नाही. गटसचिव मुदतीच्या आठवडाभर आधी स्वतः फोन करतात, ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची मोबाईलवरून करायची नोंद) झाली का ते विचारतात. नसेल तर बागेत उभं राहून माझ्याच मोबाईलवर करून घेतात.

सामाईक सातबारा असलेल्यांनी कर्ज कुठूनही काढलं तरी दोन कामं आताच सुरू करावीत: राहिलेल्या वारस नोंदी, आणि भावकी तयार असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. आमच्या चारपैकी दोन नोंदी राहिल्या होत्या, त्यातली एक या शिमग्याला मंजूर झाली. दुसरीसाठी बडोद्याच्या भावाचा फोन परवा आला, मे महिन्यात येतो म्हणालाय.