पट्टी घ्यावी की इलेक्ट्रोड?

शिंपल्यातलं विष जागच्या जागी तपासायला हाताशी येणारी साधनं मुख्यतः दोन: अँटिबॉडीची (विषाला नेमकं पकडणाऱ्या प्रथिनाची) पट्टी आणि मोबाइलला जोडायचा इलेक्ट्रोडवाला सेन्सर. मी दोन्ही वापरली आहेत. मांस वाटा, अर्क काढा, गाळा ही कटकट दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे तिथे कुणालाच गुण नाहीत. (अर्क घाईत काढलात तर कुठलंही यंत्र खोटंच बोलणार.)

कागदावर सेन्सर सरस, कारण तो आकडा देतो. सॅक्सिटॉक्सिन या शैवालातून शिंपल्यात उतरणाऱ्या विषाची मर्यादा मांसाच्या किलोमागे 800 मायक्रोग्रॅम. नमुना 300 वर आहे की 700 वर, हे कळलं तर पुढची काढणी कधी करायची ते ठरवता येतं. पट्टी एवढं सांगत नाही. शिवाय ती उलटी वाचायची: विष जितकं जास्त, तितकी रेघ फिकी. नवखा माणूस इथे हमखास फसतो. फिकट रेघेवरून आमच्यात वादही झालेत.

तरी सेन्सरवरून माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. अर्कातलं मीठ, प्रथिनं, चरबी इलेक्ट्रोडवर त्रास देतात आणि विष नसतानाही आकडा हलतो. त्यावर उपाय असा, की त्याच जातीच्या निर्विष शिंपल्याच्या अर्कावर यंत्र आधी जुळवून घ्यायचं. आता तो आणायचा कुठून? शैवालाचा बहर आला की तपासणीची घाई सुरू होते, आणि खात्रीचा स्वच्छ शिंपला नेमका तेव्हाच मिळत नाही. मग मी चांगल्या दिवसांतले शिंपले गोठवून ठेवू लागलो. कालवं आली की त्यांचा डबा वेगळा. इलेक्ट्रोडची नवी पेटी उघडली की पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव. अर्काचा त्रास पट्टीलाही होतो, पण अर्क भरपूर पातळ केला की माझं तरी बहुतेक वेळा भागलं.

पट्टीच्या खोटी लपवत नाही. सॅक्सिटॉक्सिनवर बेतलेल्या अँटिबॉडीला त्याचं भावंड निओसॅक्सिटॉक्सिन बऱ्याचदा नीट दिसत नाही. अर्थात सेन्सरमध्ये तीच अँटिबॉडी असेल तर तोही तितकाच आंधळा. म्हणून विकत घेताना कुठली भावंडं किती पकडली जातात, त्याचा तक्ता मागा.

रोज एकाच पाण्यातले, एकाच जातीचे शिंपले तपासत असाल आणि जुळवाजुळवीला माणूस असेल, तर सेन्सर घ्या, मी अडवणार नाही. माझ्या पेटीत सध्या पट्ट्याच आहेत. रेघेबद्दल शंका आली की माल थांबतो आणि नमुना प्रयोगशाळेत जातो.