कोर्टाबाहेरचं इंग्रजी : टायपिंग झकास, लॅटिन मात्र तपासून घ्या

चिपळूण असो, रत्नागिरी असो की सावंतवाडी, कोर्टाच्या आणि तहसील कचेरीच्या आसपास टायपिंग-झेरॉक्सची दुकानं असतातच. हा रिव्ह्यू त्यांच्या एकाच सेवेबद्दल आहे : इंग्रजी मजकूर रचून, टाइप करून देणं. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची हायकोर्टातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली (रायगडची अजून मुंबईलाच). जागा बदलली तरी हायकोर्टाची भाषा इंग्रजीच. शिवाय विमा, व्हिसा आणि जहाजावरच्या नोकरीचे कागद आहेतच. थोडक्यात, या दुकानांची पायरी चढावी लागते.

वेग आणि मांडणी यांत ही दुकानं पक्की आहेत. समास, स्टॅम्पपेपरवर सोडायची जागा, पानांचे क्रमांक, खालची सही-शपथेची ओळ, सगळं हाताच्या सवयीने होतं. घोळ होतो तो शब्दांत, आणि त्यातही लॅटिनमध्ये. मजकूर नव्याने रचला जात नाही, जुन्या फाइलवर नवीन नाव चढतं. त्या फाइलमधलं लॅटिन फणसाच्या चिकासारखं असतं : तेल न लावता हात घातला की तुमच्या कागदालाही चिकटतं.

सर्वात महागात पडणारा शब्द म्हणजे ‘एक्स ग्रेशिया’. लॅटिनमधला अर्थ ‘कृपेने’. कायद्याच्या इंग्रजीत ‘देणं लागत नसताना दिलेलं’. सरकारी मराठीत त्यालाच सानुग्रह अनुदान म्हणतात. ३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते, या दोन वादळांनंतर हा शब्द किनाऱ्यावर घरोघरी पोचला. सरकारकडे मदत मागताना तो बरोबर आहे. पण तोच फॉर्मॅट विमा कंपनीला पाठवला आणि त्यात ‘एक्स ग्रेशिया क्लेम मंजूर करावा’ असं राहिलं, तर आपणच लिहून दिलं की पैसे हक्काचे नाहीत, मेहरबानी करा. विमा हा करार आहे, हप्ता भरलेला आहे. तिथे ‘पॉलिसीखाली देय रक्कम’ असंच लिहायला सांगा. उलट, कंपनीच्या पत्रातच एक्स ग्रेशिया हा शब्द आला आणि व्हाउचरवर ‘पूर्ण व अंतिम’ छापलेलं असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

जमिनीच्या कागदात धोका छोट्या अक्षरांचा आहे. ‘आय. ई.’ म्हणजे इड एस्ट, ‘म्हणजेच’. ‘ई. जी.’ म्हणजे एक्झेम्प्लाय ग्रॅशिया, ‘उदाहरणार्थ’. ‘व्हिझ’ म्हणजे विदेलिचेत, ‘पुढीलप्रमाणे’, आणि त्यानंतर संपूर्ण यादी यायला हवी. (त्या शब्दाच्या शेवटचा झेड खरं तर झेड नाहीच. जुने लेखनिक शब्दाचा शेवट आखडताना जी खूण काढत, ती झेडसारखी दिसे, म्हणून छपाईत झेड बसला.) आता कोकणातली वाडवडिलांची सामाईक जमीन घ्या : एका सर्व्हे नंबरचे ढीगभर हिस्से, काही दोन-तीन गुंठ्यांचे. खरेदीखताच्या परिशिष्टात ‘विकलेली मिळकत’ या शब्दांनंतर व्हिझऐवजी ई. जी. पडलं, तर लिहिलेले हिस्से हा फक्त नमुना ठरू शकतो, बाकीचंही विकलं असा वाद घालायला वाट मोकळी. ‘इंटर आलिया’चंही तेच. त्याचा अर्थ ‘इतर गोष्टींबरोबर’. अर्जाची कारणं मांडताना तो उपयोगी, कारण पुढे आणखी कारणं जोडायला जागा राहते. चतुःसीमा आणि क्षेत्रफळ लिहिताना अजिबात नको. तिथे यादी बंदच हवी. इंटर आलियाने सुरू झालेल्या यादीला शेवटी ‘एट्सेटेरा’ लावणं म्हणजे एकाच पानावर दोनदा मीठ. आणि ‘अँड एट्सेटेरा’ दिसलं तर खुशाल खोडा, ‘एट’ म्हणजेच आणि.

‘सुओ मोटू’ बहुतेक वेळा ‘सुओ मोटो’ असा छापून येतो. शेवटी ‘यू’ हवा. तरी स्पेलिंगपेक्षा वापर जास्त बिघडलेला आहे. अर्ज नसताना अधिकाऱ्याने किंवा कोर्टाने स्वतःहून दखल घेणं, एवढाच त्याचा अर्थ. ‘मी सुओ मोटो अर्ज करीत आहे’ हे वाक्य फॉर्मॅटमध्ये सापडतं, ते निरर्थक आहे. ‘माझ्या अर्जावरून सुओ मोटू कारवाई करावी’ हे त्याहून विनोदी.

‘व्हिडे’ हा शब्द आपल्या कचेऱ्यांचा लाडका. मूळ अर्थ ‘पाहा’. ‘आपलं पत्र क्रमांक अमुक, व्हिडे’ इथपर्यंत ठीक. ‘व्हिडे कुरियर पाठवले’ चूक, तिथे ‘बाय’ पुरेसं आहे.

‘बोनाफाईड’ची गंमत वेगळी. लॅटिनमध्ये हे दोन शब्द आहेत, अर्थ ‘सद्भावनेने’. इंग्रजीत मुळात क्रियाविशेषण, मग विशेषण. नाम हवं तर ‘बोना फायडीज’, आणि तेही एकवचनी. आपल्याकडे मात्र बोनाफाईड हा शाळेतून आणायचा दाखला आहे, आणि मराठीत तो तसाच राहू द्यावा, त्यात काही बिघडत नाही. परदेशी वकिलातीला किंवा शिपिंग कंपनीला पत्र जाणार असेल तर मात्र नुसतं ‘बोनाफाईड जोडला आहे’ लिहू नका, वाचणाऱ्याला काय जोडलंय ते कळत नाही. ‘या संस्थेत शिकत असल्याचा दाखला’ असं साध्या इंग्रजीत सांगा, आणि जोडपत्राचं नाव दाखल्यावर छापलंय तसंच ठेवा.

‘म्युटाटिस म्युटँडिस’ आंब्याची बाग कराराने देताना नूतनीकरणाच्या कागदात हमखास येतो. ‘बदलायचं ते बदलून, बाकी मागच्याप्रमाणे’. शब्द बरोबर आहे, काम अर्धं आहे. हंगामाची तारीख, रक्कम आणि फवारणीचा खर्च कोणाचा, या तीन गोष्टी खाली स्वतंत्र लिहून घ्या. नाहीतर काय बदलायचं होतं यावरूनच पुढच्या मे महिन्यात भांडण.

‘इन कॅमेरा’बद्दल दुकानदाराला एकट्याला दोष देता येत नाही. मूळ अर्थ ‘बंद खोलीत’, म्हणजे लोकांना आत न घेता सुनावणी. आपली वर्तमानपत्रं मात्र ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ लिहितात, तेव्हा त्यांना व्हिडिओ चित्रीकरण म्हणायचं असतं. अर्जात चित्रीकरण हवं असेल तर तसं स्पष्ट लिहा. खुद्द इंग्लंडने दिवाणी कामाच्या, १९९९ पासून लागू झालेल्या नियमांत असले शब्द बाजूला ठेवले : ‘एक्स पार्टे’ऐवजी ‘नोटीस न देता’, ‘इन कॅमेरा’ऐवजी ‘खासगीत’. आपण मात्र धरून बसलोय.

म्हणून सगळं लॅटिन खोडा असं नाही. ‘अ‍ॅफिडेव्हिट’ला पर्यायी इंग्रजी शोधत बसू नये. गंमत म्हणजे तो एक शब्द लॅटिनमध्ये अख्खं वाक्य आहे : ‘त्याने शपथेवर सांगितलं’. ‘कॅव्हेट’ही (माझं ऐकून घेतल्याशिवाय हुकूम देऊ नका, असं कोर्टाला आधीच कळवणारा अर्ज) तसाच, ‘त्याने सावध राहावं’. कॅव्हेटचा फॉर्मॅट या दुकानांत चांगला मिळतो. दोन गोष्टी आपण लक्षात ठेवायच्या : समोरच्या पक्षाला नोंदणी व पोचपावतीसह टपालाने नोटीस पाठवावी लागते, आणि मुदत ९० दिवसांची. आणि एसटीच्या ‘ड्रायव्हर-कम-कंडक्टर’मधलं ‘कम’ही लॅटिनच, मराठीत ‘चालक तथा वाहक’ झालं तरी पगार एकच.

मजकूर रचायला दुकानाला सांगूच नका, हे आमचं मत. मराठीत मुद्दे लिहून न्या, वकिलाकडून इंग्रजी करून घ्या, दुकानात फक्त टाइप करा. रचून घ्यायचंच असेल तर कच्ची प्रत मागा आणि प्रत्येक लॅटिन शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. अर्थ मराठीत सांगता आला तर ठेवा, दुकानदारालाही सांगता आला नाही तर काढा. ‘प्रायमा फेसी’ (प्रथमदर्शनी) मधला ‘प्रायमा’ एका ओळीत आणि ‘फेसी’ पुढच्या ओळीत जात असेल, तर दोन्हींच्या मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकदम दाबायला सांगा, जोडी तुटत नाही.

शेवटची अडचण फाँटची. बऱ्याच ठिकाणी मराठी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप होतं. मराठी-इंग्रजी एकत्र असलेल्या कागदात घाईत सगळं सिलेक्ट करून फाँट बदलला, की ‘एक्स पार्टे’च्या जागी ना मराठी ना इंग्रजी अशी अक्षरं उमटतात. त्यामुळे छापील प्रत पाहूनच पैसे द्या, आणि कोल्हापूरला वकिलाकडे वर्डची फाइल नव्हे, पीडीएफ पाठवा. वर्डची फाइलही पेनड्राइव्हवर मागून घ्या. दुरुस्ती निघाली तर तीच लागते.